मशीनची स्वयंभू पोथी

गोदामात एकशे एकसष्ट माणसं होती. बसलेली बहात्तर, उभी एकोणनव्वद. त्याखेरीज दोन ट्यूबलाइट, बाहेर धडधडणारा एक जनरेटर, नारळांचे तीन ढीग, आणि समोर चौरंगावर जरीच्या उपरण्यात अर्धं गुंडाळलेलं एक कॉम्प्युटर. महानंदाने हे दोनदा मोजलं. दुसऱ्या खेपेला उभी माणसं नव्वद भरली, कारण मधल्या वेळात दारातून कुणीतरी आत घुसलं होतं. मोजायचं काही कारण नव्हतं. सकाळपासून तिच्या आत काहीच हलत नव्हतं, आणि असं झालं की ती मोजत बसायची.

तिच्या शेजारी पोत्यावर तिची थोरली बहीण सिद्धम्मा बसली होती. डाव्या तळहाताला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली. चार दिवसांपूर्वी भाकरी थापताना तिला फेफरं आलं आणि हात तव्यावर पडला. शेजारीण धावत येईपर्यंत तो तिथेच होता.

ही बातमी परभणीला पोहोचायला तीन दिवस लागले. महानंदा तिथे एका कार्यालयात पिकांच्या उत्पन्नाचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायची. गणित घेऊन बी. एस्सी. झालेली, वय तेवीस. आज विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळे एसटी बंद होती, म्हणून ती पहाटेच्या पॅसेंजरने बहिणीच्या गावी, चुडाव्याला उतरली आणि थेट बहिणीच्या घरी गेली.

"अक्काच्या गोळ्या कुठं हायत?" तिने पहिला प्रश्न विचारला.

सिद्धम्माला लग्नाआधीपासून फिट यायच्या. परभणीच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी बांधून दिली होती आणि बजावलं होतं, काही झालं तरी ही एकदम बंद करायची नाही.

"बंद केल्या," सिद्धम्माची सासू मल्लम्मा म्हणाली. "दिवाळी झाल्यापासून. मशीननं सांगितलं, मस्तकात उष्णता हाय, गोळ्यांनीच वाढायली."

"कोणत्या मशीननं?"

मल्लम्माने देवघराकडे बोट दाखवलं. शंकराच्या तसबिरीखाली पाटावर लांबलचक कागदाची घडी ठेवलेली होती. दोन्ही कडांना भोकं, एकाला एक जोडलेली पानं, पोथीसारखी दुमडलेली. वरच्या पानावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. महानंदाचा मेहुणा वीरुपाक्ष आंघोळ करून आला, पाटासमोर मांडी घातली आणि खड्या आवाजात वाचू लागला:

"विभाग पहिला. रोग्याच्या हातातून नाडीचे पाचशे बारा ठोके वाचतो. विभाग दुसरा. रक्तातील उष्णता मोजतो. विभाग तिसरा. पूर्वजन्मीचा दोष शोधतो…"

मल्लम्मा हात जोडून ऐकत होती. प्रत्येक विभागानंतर मान हलवत होती. सिद्धम्मा कोपऱ्यात बसून उजव्या हाताने तांदूळ निवडत होती.

महानंदाने ते पान पाहिलं. मधोमध शीर्षक, डावीकडे विभागाचा क्रमांक, खाली पानाचा आकडा. असं पान ती ओळखत होती. तिच्या कार्यालयातही अशी पानं निघायची. तिला राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण तो आला नाही.

"भाऊजी, हे कुणी लिवलं?"

"कुणीच न्हाई!" वीरुपाक्षाचे डोळे चमकले. "हीच तर गंमत हाय. मी सोता पाहिलं. पोरानं एक बटन दाबलं, आन मशीननं आपल्या पोटातलं आपणच सांगितलं. स्वयंभू पोथी हाय ही. मानसाचा हात लागलेला न्हाई."

"आज दुपारी दरबार हाय," मल्लम्मा म्हणाली. "तुझ्या अक्काला न्यायचंय. हाताचं इचारू. तूबी चल. शिकलेली हाईस, तुला जास्त कळंल."

म्हणून ती स्टेशनामागच्या या रिकाम्या गोदामात बसली होती.

यंत्रनाथ महाराज गादीवर लोडाला टेकून होते. दोन वर्षांपूर्वी पूर्णा स्टेशनावर काळं दंतमंजन विकणारा माणूस तो हाच, असं म्हातारे किशनराव म्हणायचे. पण तेव्हा त्या माणसाला दाढी नव्हती, त्यामुळे गावाची खात्री पटत नव्हती. महाराजांच्या उजव्या हाताला सूर्यभान नावाचा नांदेडचा पोरगा बसला होता. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मशीन तोच चालवायचा.

रीत साधी होती. आजाऱ्याने पितळी ताटात हात ठेवायचा. ताटाला लाल वायर, वायर उपरण्याखाली गेलेली. सूर्यभान नाव आणि वय टाइप करायचा. पडदा काळा व्हायचा, मग हिरव्या रेघा धावायच्या, टीं-टीं वाजायचं, आणि प्रिंटर कर्रकर्र करत मराठी अक्षरांत चिठ्ठी ओकायचा. चिठ्ठीत आजार आणि इलाज.

"मी काय सांगत न्हाई, माय!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "मी तर मातीचा गोळा. डाक्टर सांगतो, त्याला फी पायजे. वैद्य सांगतो, त्याचा काढा खपला पायजे. ह्या मशीनला आई न्हाई, बाप न्हाई, जात न्हाई, पगार न्हाई! ते खोटं बोलंल कशापायी?"

"खरं हाय, खरं हाय," गर्दी म्हणाली.

"आन कुणाला शंका असंल, तर मशीनलाच इचारा, बाबा रे, तू हायेस तरी कोण? सूर्यभान, घे त्याच्याच तोंडून!"

सूर्यभानने बटण दाबलं. प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. कागद चौरंगावरून खाली घसरला, जमिनीवर आपोआप घड्या घेत गेला. बायका पुढे सरसावल्या. एकीने कागदाला हळद लावली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. दगडाबाई नावाची उंच, दणकट बाई मोठ्याने म्हणाली, "आमच्या घरातलं मानूस इचारल्याबिगर पोटातलं सांगत न्हाई, आन हे लोखंड भडाभडा बोलायलंय!"

महाराजांची नजर गर्दीवरून फिरली आणि महानंदाच्या पंजाबी ड्रेसवर थांबली.

"ही कोण म्हणायची?"

"माझी मेहुणी, महाराज," वीरुपाक्ष उठून म्हणाला. "परभणीला कॉम्प्युटरवरच नोकरी हाय."

"वा! मग बसवा तिला मशीनपुढं. शिकलेल्या लेकरानंच गावाला खुलासा करावा."

सूर्यभान अस्वस्थपणे हलला. महाराजांच्या ते लक्षात आलं नाही. मशीन कसं चालतं हे त्यांना सूर्यभानइतकंसुद्धा ठाऊक नव्हतं.

महानंदा उठली. खुर्चीवर बसली. तिने मूळ प्रोग्राम पडद्यावर आणला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. फार वेळ लागला नाही. मग एक ओळ वाढवली आणि सूर्यभानने दाबलं होतं तेच बटण दाबलं.

प्रिंटर पुन्हा कर्रकर्रला. पान बाहेर आलं. तिने ते वीरुपाक्षाकडे दिलं.

"वाचा, भाऊजी. शेवटचा विभाग."

वीरुपाक्षाने घसा साफ केला. "विभाग सातवा. म्हशीच्या मनातलं ओळखतो."

गर्दीने माना उंचावल्या.

"हा विभाग मघाच्या पोथीत नव्हता," महानंदा म्हणाली. "ही ओळ मी आत्ता लिहिली. मशीननं ती जशीच्या तशी उतरवली. मशीन आपल्या पोटातलं सांगत नाही. माणसानं लिहून ठेवलेलं…"

"आगं बया!" दगडाबाई ओरडली. "म्हशीचंबी कळतंय? माझी म्हैस दोन वर्सं भाकड हाय. आनू का तिला?"

"आना, आना!" महाराजांनी संधी सोडली नाही. "पाहिलंत? कुमारिकेचा हात लागला आन मशीननं नवा विभाग प्रकट केला! धन्य हो, माय!"

गर्दीतून शिट्टी आली, हशा आला, आणि मागून तीन-चार आवाज आले: "आमच्याबी म्हशीचं पाहा." एका बाईने खरोखरच महानंदाच्या पायाला हात लावला.

महानंदा खुर्चीवर बसून राहिली. तिने खोटं उघडं करून दाखवलं होतं, आणि लोकांनी ते चमत्कारात जमा केलं होतं. समोर पोत्यावर सिद्धम्मा होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मल्लम्मा तिला धरून उठवू लागली, पुढचा नंबर त्यांचा होता. आता ताटात हात ठेवायचा, चिठ्ठी निघायची, आणि गोळ्या आणखी एक महिना कपाटात राहायच्या. पुढच्या वेळी तव्याऐवजी विहिरीचा काठ असू शकला असता.

महानंदाने गर्दीत किशनराव शोधले. ते खांबाला टेकून तंबाखू मळत होते.

"काका," तिने हाक मारली, "ज्वारीच्या बियाण्याच्या पिशवीवर काय लिवलेलं असतं?"

किशनरावांनी मान वर केली. "जातीचं नाव. आन उगवण. शेकडा पंच्याहत्तर का ऐंशी."

"ते वाचून तुमी तसंच पेरता?"

"येडी का काय तू!" किशनराव हसले. "शंभर दाणे गोणपाटात गुंडाळायचे, पाणी मारायचं, चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. मगच पेरायचं. दोन सालामागं पिशवीवर ऐंशी होतं, आन उगवले छत्तीस. दुकानदाराच्या तोंडावर गोणपाट उलगडलं होतं मी."

"पिशवीवरचं कोण लिवतं?"

"इकणारा लिवतो. आनखी कोण?"

"आन दाणा उगवायच्या आधी पिशवीवरचं वाचतो का?"

आता बरेच जण हसले. "दाण्याला कुठलं वाचता येतंय!" कुणीतरी म्हणालं.

"ह्या मशीनचंही तसंच आहे," महानंदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच सपाट वाटला. "प्रोग्राममध्ये दोन जातीच्या ओळी असतात. एक मशीनसाठी. मशीन त्या पाळतं. दुसऱ्या माणसासाठी, टिपणाच्या. त्यांच्या पुढं एक खूण असते, आणि ती खूण दिसली की मशीन ती ओळ वाचतच नाही, ओलांडून पुढं जातं. सूर्यभाननं जो पोथी काढायचा प्रोग्राम लावलाय ना, तो फक्त ह्या टिपणाच्या ओळी गोळा करतो. शीर्षक देतो, पानाला आकडा देतो, छापतो. चांगली सोय आहे. आमच्या कार्यालयातही आहे. एकानं केलेलं काम दुसऱ्याला समजावं म्हणून. पण टिपणात जे लिहाल तेच पोथीत येतं. आमच्याकडं एका पुस्तिकेत आठ महिने क्विंटल छापून येत होतं आणि आतला हिशोब किलोत चालला होता. मशीनला त्याचं काहीच वाटलं नाही."

"म्हंजे पोथी हे पिशवीवरचं लेबल," किशनराव सावकाश म्हणाले.

"हो. आणि दाणा अजून कुणी गोणपाटात घातलेला नाही."

"मशीन तापलंय!" सूर्यभान एकदम उठला. "आता बंद करावं लागंल. पार्ट जळतो."

"बस रे खाली!" किशनराव खांब सोडून पुढे आले. त्यांना आता रस आला होता. "पेरणीआधी उगवण. महाराज, तुमचीबी हरकत नसावी. मशीन खोटं बोलंल कशापायी?"

महाराजांनी तोंड उघडलं, पण त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढे येऊन बसलं होतं. "पाहा की," ते म्हणाले. "खुशाल पाहा."

"एकच मानूस, एकच हात," किशनरावांनी नियम ठरवला, जणू गोणपाटच भिजवत होते. "एक शेत, एक बियाणं. धा बाऱ्या. आजार तोच निघाला पायजे. मानूस काय चिठ्ठी-चिठ्ठीला बदलतो व्हय?"

सिद्धम्मा पुढे आली. तिने उजवा हात ताटात ठेवला. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिने काही विचारलं नाही. सूर्यभानने नाव आणि वय टाकलं. रेघा धावल्या, टीं-टीं वाजलं, चिठ्ठी आली. किशनराव एकेक चिठ्ठी फाडून वीरुपाक्षाकडे देत गेले आणि तो वाचत गेला.

"मुतखडा."

"मागल्या बारीला मस्तकातली उष्णता होती," मल्लम्मा पुटपुटली.

"दुसरी: सांधेवात. तिसरी: मधुमेह." वीरुपाक्षाचा पोथी वाचतानाचा खडा आवाज हळूहळू उतरत गेला. "चौथी: मुतखडा. पाचवी: जुनाट खोकला. सहावी…" तो थांबला.

"वाचा की," किशनराव म्हणाले.

"अंडवृद्धी."

बायकांनी पदर तोंडात कोंबले. पुरुष मांड्यांवर थापा मारून हसले. दगडाबाई म्हणाली, "अगं सिद्धम्मा, सांगायचं न्हाईस का!" सिद्धम्मा हसली नाही. महानंदाही हसली नाही. बहिणीचा हात ताटात पालथा पडलेला तिला दिसत होता. चार बोटं, एक अंगठा.

उरलेल्या चार चिठ्ठ्या निघाल्या: मधुमेह, पितृदोष, सांधेवात, उष्णता. सातवी निघताना महानंदाने वायर धरून हळूच ओढली होती. तिचं दुसरं टोक उपरण्याखालून बाहेर आलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. तरीही मशीनचं काम थांबलं नाही.

"आता मशीनसाठीच्या ओळी ऐका," ती पडद्याकडे वळली. "विभाग पहिला. टिपण म्हणतं, नाडीचे पाचशे बारा ठोके वाचतो. खालची खरी ओळ म्हणते, तीन सेकंद थांब. विभाग दुसरा. टिपण म्हणतं, रक्तातील उष्णता मोजतो. खरी ओळ म्हणते, दोनदा टीं वाजव. विभाग तिसरा, पूर्वजन्मीचा दोष शोधतो. खरी ओळ म्हणते, एक ते बारामधला कोणताही एक आकडा उचल आणि त्या आकड्याचा आजार छाप. पुढचे तीन विभाग तर नुसतेच टिपण आहेत, त्यांच्याखाली एकही ओळ नाही. सूर्यभान, टिपणं कुणी सांगितली?"

सूर्यभानने खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "महाराज सांगत गेले, मी टंकत गेलो. मला काय, बाई. कोर्स केला, नोकरी न्हाई."

"हा द्रोह हाय!" महाराज उठले. "श्रद्धा आटली की मशीनबी आटतं! ह्या गावात पाप लय झालं!"

"मंजन हाय का शिल्लक?" मागून कुणीतरी विचारलं, आणि त्या हशात महाराजांचं उरलेलं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही.

नारळ ज्याचे त्याने उचलले. काही जण महाराजांच्या पाया पडूनच गेले, सवयीने. दगडाबाई जाताना महानंदाला म्हणाली, "ते म्हशीचं मातर काढू नको. काय सांगावं!" जनरेटर बंद झाला आणि गोदामात एकदम ऐकू येण्याजोगी शांतता पडली.

मल्लम्मा चौरंगाशी उभी होती. हळद लागलेला कागद तिच्या पायाशी पडला होता. तो ओलांडावा की उचलून कपाळाला लावावा हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मग आमी रोज वाचत होतो ते?" तिने विचारलं.

"मावशी, अक्षरं लिहिणाऱ्यानं लिहिली तशीच आली होती. मशीननं एक काना बदलला नाही," महानंदा म्हणाली. "तुमचं चुकलं ते एवढंच. मधला माणूस दिसला नाही, म्हणून तुमाला वाटलं माणूस नाहीच. बियाण्याची पिशवी असो, मशीन असो, डॉक्टर असो. ते आपल्याबद्दल काय सांगतं ते नंतर वाचा. आधी ते काय करतं ते मोजा. डॉक्टरच्या गोळीलाही हाच नियम लावा. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका. महिनाभर मोजा."

"मोजू," वीरुपाक्ष म्हणाला. तो बायकोच्या पट्टीकडे पाहत होता. "मी मोजतो."

घरी गेल्यावर मल्लम्माने कपाटातली गोळ्यांची बाटली स्वतः काढली आणि पाण्याचा तांब्या सुनेपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी महानंदा तिघांना घेऊन परभणीला डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हाताची पट्टी बदलली, वजन घेतलं आणि गोळीचं प्रमाण पुन्हा ठरवून दिलं.

दिवाळीनंतर गोळ्या बंद असलेल्या तीस दिवसांत, घरच्यांनी आठवून मोजल्याप्रमाणे, सिद्धम्माला अकरा वेळा फेफरं आलं होतं. गोळी पुन्हा सुरू केल्यानंतर वीरुपाक्षाने मोजलेल्या तीस दिवसांत ते दोन वेळा आलं.